सरांचं एक वाक्य
नव्या पुस्तकाच्या डिंकाचा वास आला, की मला अकोल्यातल्या प्रकाशकाचं ते कोंदट ऑफिस आठवतं. माझ्या पहिल्या कथासंग्रहाला प्रस्तावना हवी होती. “तुमीच लिहून आना, अमरावतीचे सर सही करून देतीन,” तो म्हणाला, “लाजता काहून? सारेच लिहितेत.” लाज सोडून मी स्वतःचीच दोन पानं स्तुती लिहिली आणि मोर्शीची संत्री घेऊन त्या नामवंत समीक्षक सरांकडे गेलो. त्या भुक्कड माणसानं माझी एकही कथा उघडली नाही. संत्रं सोलता सोलता सहीच्या वर फक्त एक वाक्य घातलं, ‘लेखकानं या स्तुतीनं हुरळून जाऊ नये.’ काल एका नव्या लेखिकेनं माझ्या नावाची प्रस्तावना लिहून आणली. मी तिचं पुस्तक चाळलंही नाही. वाक्य मात्र तेच घातलं.