हरभऱ्याच्या शेजारचं बीट

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, कडाक्याच्या थंडीत बीट पिकवण्याचा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रयोग आमच्या वावरात पार पडला आहे. उभं राहू नका, कानटोप्याही काढू नका. गारठा लागेल.

बायकोचं रक्त कमी झालं होतं. उंबरा ओलांडला तरी ती भिंतीला टेकायची. मालेगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर बीट खाऊ घाला म्हणाले. बाजारात मिळायचं ते सुरकुतलेलं. मी छाती काढून जाहीर केलं, "घरचं खाऊ घालीन!" आणि हरभऱ्याला लागून दोन वाफे लावले.

मग अशी थंडी पडली की सकाळी पाइप धरल्यावर बोटं आपलीच आहेत का, ते बघावं लागे. बीट जागचं हलेना. मी पाणी देऊन परतलो की बायको अंथरुणातूनच नुसतं बघायची. मी मान हलवायचो. ती कूस बदलायची. सगळा हिवाळा असाच, ओल्या गोधडीसारखा अंगावर.

लेकीची सेवा करायला रिठदहून सासूबाई आल्या होत्या. दुपारी वावरात उन्हाला बसायच्या आणि येताना पदराच्या ओट्यात हरभऱ्याचा पाला आणायच्या. रोज तीच भाजी. एक दिवस मात्र भाजी लाल झाली.

मी वाफ्याकडे पळालो. एकूण एक बीट भादरलेलं!

"आई, हे काहून खुडलं?"

"काहून म्हंजे? हरभऱ्याचे शेंडे खुडले का फांद्या फुटतात, घाटे जास्त लागतात. तुमचं हे बिचारं फुटूनच नाई राह्यलं. म्हनलं, माह्या पोरीले जरा जास्त भेटन."

पानांच्या जोरावर खाली गड्डा भरतो, हे मी सांगितलं. त्यांनी एकदा वाफ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. पुढे त्या वावरात आल्याच नाहीत.

थंडी सरताना मी त्यातलं बरं एक उपटलं आणि दारात बसलेल्या बायकोच्या हातावर ठेवलं. करंगळीएवढं, फिकट गुलाबी. सासूबाई खांबाआड उभ्या. बायकोनं ते उलटंपालटं केलं, आपल्या पांढुरक्या तळहाताशी धरून पाहिलं आणि कित्येक दिवसांनी खो खो हसत सुटली.

"अवो, हे बी माह्यासारखंच निंगालं! एवढं केलं तुमी, तरी रगत काई भरून नाई राह्यलं याले!"