तात्यांच्या वाटणीचं ऊन

मला बारामती सोडायची होती ती अकरावीपासून. पुण्याला जायचं, दिल्लीला जायचं, जमलं तर आणखी लांब. फॉर्म आणायचे, भरायचे, आणि शेवटच्या तारखेला काहीतरी निघायचंच. कधी आईचं आजारपण, कधी भावाचं लग्न, कधी आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. मग इथल्याच एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले, जळोचीला फ्लॅट घेतला, पन्नाशी आली, तरी मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालतेच आहे. टीव्हीसुद्धा उभ्यानं बघते. आबा म्हणतात, "पायाला भिंगरी हाय, पन गाव सुटत न्हाय." वडिलांना असं नेमकं बोलायची वाईट सवय आहे.

त्यामुळे नॉर्वेतलं एक जोडपं आपलं राहतं घर विकून आमच्या पिंपळीच्या शेतातल्या दोन खोल्यांत राहायला येतंय म्हटल्यावर मला आनंदाच्या आधी राग आला. आम्ही इथून निघायला धडपडायचं आणि ही माणसं तिकडचं सगळं विकून इथं येणार. काय बघितलं होतं त्यांनी इथं?

नवरा दुधाच्या प्रकल्पांतली यंत्रं बसवायचा. मागे एकदा दोन महिने येऊन गेला होता. आता इंदापूरच्या बाजूच्या एका प्रकल्पात त्याला कराराची नोकरी मिळाली होती. बायको तिकडं घरोघर टपाल वाटायची. दोघंही साठीकडे झुकलेली. त्यांना इंग्रजी बोलणारं कुणीतरी मध्यस्थ हवं होतं आणि आम्हाला भाडेकरू. परदेशी माणूस ठेवला की पोलिसांकडे कळवावं लागतं, ते कागद मी केले. अकरा महिन्यांचा करारही मीच टाइप केला.

पहिल्या आठवड्यात मी गेले तेव्हा ती बाई ओट्यावर भिंतीला टेकून, डोळे मिटून, तोंड उन्हाकडे करून बसली होती. जानेवारीतलं सकाळचं ऊन. शेजारच्या तात्यांची बायको बांधापलीकडून मला म्हणाली, "आजारी हाय का वं ती? रोज अशीच बसती." मी नवऱ्याला विचारलं. त्यानं काही आडपडदा ठेवला नाही. त्यांच्या गावात हिवाळ्याचे दोन महिने सूर्य उगवतच नाही. तिला ते वयाबरोबर सोसेनासं झालं होतं. गेले दोन हिवाळे ती अंथरुणातून उठली नव्हती. दुसऱ्या वेळी तर दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. "आणखी एक हिवाळा तिकडे काढला तर ती राहणार नाही," तो म्हणाला. हे तो यंत्राचा बिघाड सांगावा तसं सांगत होता, पण त्याचा हात खिशातल्या किल्ल्या सारखा चाळवत होता. त्या दिवशी माझा राग गेला. आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. ही बाई इथं टिकलीच पाहिजे, असं मला वाटायला लागलं. जिथून मला आयुष्यभर पळायचं होतं तिथं कुणीतरी जगायला आलं होतं. ती टिकली तर माझंही इथं राहणं अगदीच फुकट गेलं नाही, असं मला म्हणता येणार होतं.

मी दर रविवारी जायला लागले. ती रंगानं लाल झाली, जाड झाली, हसायला लागली. पण मार्च-एप्रिलचं ऊन काही जानेवारीचं नव्हे. खोल्यांच्या पश्चिमेला मोकळं रान, दुपारनंतर भिंती तापायच्या आणि ती ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायची. उन्हासाठी घर विकून आलेली बाई सावली शोधत होती. मी तिला त्यावरून चिडवलंही. पावसाळा सुरू झाल्यावर नवरा नर्सरीत गेला आणि सुबाभळीची रोपं घेऊन आला, कारण नर्सरीवाल्यानं सांगितलं, ही सगळ्यांत लवकर वाढतात. दोघांनी मिळून ती ओळीनं लावली. लावली कुठं, तर थेट बांधावर, आमच्या आणि तात्यांच्या मधल्या.

त्यांच्या दृष्टीनं ती जागा रिकामी होती. गवत वाढलेली, कुणी काही न पेरलेली. रिकाम्या जागेत झाड लावणं हे त्यांच्याकडे पुण्याचं काम असावं. आमच्याकडे बांधाला हात लावायच्या आधी माणूस दहादा विचार करतो. आणि आमच्या घरानं तर शंभरदा करायला हवा. आबा लहान असताना आमच्या वाडीनं धम्म घेतला. आबा शिकले, शाळामास्तर झाले, पगारातून ही जमीन घेतली. जमीन मिळाली पण ती रस्त्यापासून आत, आणि आम्हाला आपल्या रानातून वाट कोण देणार? ती तात्यांच्या वडिलांनी दिली. कागद नाही, शिक्का नाही. गाडी जाईल एवढी वाट तुमची, एवढा एक शब्द. तो शब्द तात्यांनी पुढं चालवला. आबा अजूनही त्या वाटेवरून जाताना चप्पल न फरपटता चालतात.

रोपं लावल्याच्या पुढच्या रविवारी तात्या बांधावर आले. ती बाई उत्साहानं पुढं झाली. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तेन्ला सांगा, बांधावर झाडं न्हाय लावत. वसवा पडतो. दिवाळीच्या म्होरं माझी टोमॅटो हितं हायत. सकाळचं ऊन तेवढ्या अंगानंच येतंय. आत्ता बारकी हायत तवर उपटून दुसरीकडं लावा म्हनावं, काय बी बिघडत न्हाय."

वसवा म्हणजे झाडाच्या सावलीनं आणि मुळांनी शेजारचं पीक खुरटतं, तो. मला हे तिला सांगायला दोन वाक्यं लागली असती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, हाताला चिखल लागलेला, आणि इतकी खूष होती की मी म्हणाले, "ते म्हणतायत, झाडं छान आहेत. पाणी नीट घाला."

ती तात्यांकडे बघून हात जोडून हसली. तात्यांना वाटलं, कळलं. तेही हसले आणि गेले.

मी स्वतःला समजावलं की पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी तिनं माझ्यासाठी केक केला होता. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस होता. तात्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी सरळ थाप मारली, "बोललेय मी. दिवाळीनंतर काढतो म्हणालेत." तात्या म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या तवर." दोन्ही बाजूंना मी दोन वेगळ्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या आणि मधे सुबाभूळ वाढत होती. आठवड्यातून एकदा मी जायचे आणि सगळ्यांत आधी तिची उंची बघायचे. कमरेएवढी, मग खांद्याएवढी. दसऱ्याला ती माझ्या डोक्यावर गेली. वर्गात शिकवताना मधेच आठवायचं आणि वाक्य अर्ध्यावर तुटायचं. मुली विचारायच्या, मॅडम, काय झालं?

दिवाळी गेली, झाडं तशीच राहिली, आणि तात्या माझ्या शब्दावर थांबले. तात्यांची टोमॅटो तारेवर चढली. डिसेंबरात दव पडायला लागलं, आणि बांधालगतच्या चार ओळींवर सकाळी उशिरापर्यंत ऊन पोचेना. पानं ओलीच राहायची. त्या चार ओळींवरच करपा आला, पानं काळी पडत गेली.

एका गुरुवारी सकाळी कॉलेजात असताना नवऱ्याचा फोन आला. वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या आहेत, मोटारसायकल निघत नाही, शेजारचे तात्या तिथं बसून आहेत आणि उठत नाहीत. मी रजा टाकून आधी घरी गेले, कारण हे आबांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं. पण तात्यांचा फोन त्यांना आधीच आला होता. ते खुर्चीत बसून बूट घालत होते, तेही उलट्या पायात.

"तात्याला तू काय सांगितलं हुतंस?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "ती वाट माझ्या मास्तरकीनं मिळालेली न्हाय. लोकाच्या भल्या मनानं मिळालीय. त्या दोघांना म्हनावं, करार संपतोय, खोल्या मोकळ्या करा. पाहुणा जाईल, तात्या हितंच ऱ्हानार हाय."

करार संपायला दिवस उरले नव्हते. तिच्या गावात तेव्हा सूर्य नव्हता. मी रिक्षात आबांच्या शेजारी बसले होते आणि मला माझा आवाज, माझं इंग्रजी, माझी ती चांगुलपणाची हौस, सगळ्याची चीड आली होती.

वाटेवर तात्या काट्यांशेजारी दगडावर बसले होते. त्यांची बायको मागे, आणि आमचे भाडेकरू नवरा-बायको समोर उभे. ती मला म्हणाली, "आमचं काय चुकलं ते त्यांना विचार ना." मी विचारलं. तात्या सगळं पुन्हा बोलले, अगदी पहिल्या दिवसापासून, आणि या वेळी मी शब्दन् शब्द तिला सांगितला. मग माझं माझं सांगितलं, इंग्रजीत एकदा आणि मराठीत एकदा, म्हणजे कुणी काही राहिलं म्हणायला नको.

तिनं बांधापलीकडे जाऊन टोमॅटोच्या त्या चार ओळी बघितल्या, काळी पडलेली पानं हातात घेऊन बघितली. "ऊन अडवू नका," ती म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं ना? आणि तुला वाटलं, सगळ्या जगात ते मलाच कळणार नाही?"

तिनं तात्यांच्या बायकोकडे खुणेनं कोयता मागितला. नवरा पुढं झाला तर त्याला तिनं बाजूला केलं. झाडं हिरवी, खोड मनगटाएवढं, तरी कोयता चालवायची तिला सवय नव्हती. चौथ्या झाडाला हाताला फोड आला. तेव्हा तात्या उठले आणि तिच्या हातातून कोयता घेतला. खोडं त्यांनी तोडली, फांद्या तिनं ओढून तात्यांच्या शेळ्यांपुढं टाकल्या. मी मदतीला वाकले तर दोघांपैकी कुणीच मला काही दिलं नाही. शेवटी आबा तात्यांना म्हणाले, "चुकलं आमचं." तात्या म्हणाले, "तुमचं कुठलं, आबा," आणि काट्या स्वतः उचलल्या. निघताना आबांनी मला हळूच सांगितलं, "नवा करार टाईप कर. बाई ऱ्हाऊ दे हितं."

म्हणजे मला हवं होतं ते झालं. ती राहिली.

दोन-तीन रविवार माझी जायची हिंमत झाली नाही. गेले तेव्हा ती बांधावर तात्यांच्या बायकोबरोबर टोमॅटो निवडत बसली होती. मला बघून तिनं मान हलवली, आत जाऊन चहा आणून दिला. कुठंही राग नव्हता. तेवढ्यात तात्या आले. त्यांना नवी पाइप आमच्या अंगणातून न्यायची होती आणि कुठून न्यावी हे ठरवायचं होतं. ते बोलायला लागले, मी सवयीनं कप खाली ठेवला आणि तिच्याकडे वळून इंग्रजीत सुरुवात केली.

तिनं हात वर केला. "ताई, तुमी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी बोलती."

आणि ती बोलली. अडखळत, चुकत, बोटानं जमिनीवर रेघ ओढत. तात्या प्रत्येक शब्द थांबून सांगत होते, ती तो पुन्हा म्हणत होती. माझ्या तोंडी दोन मिनिटांत झालं असतं त्याला त्यांना अर्धा तास लागला. तो अर्धा तास दोघांनीही मला काही विचारलं नाही. ते बरोबरच होतं. चहा निवला आणि मी तिथंच उभ्यानं रडले.