चाळीसच्या जागी त्रेपन्न

मेघाली ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. पाण्यात केमिकल येतं म्हणून बाबांनी खाडीत जाळं टाकणं सोडलं, तेव्हा ती शाळेत होती. पुढे तीच केमिस्ट्रीत एमएस्सी झाली आणि डोंबिवली एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागली. सांडपाण्यातलं ॲसिड सोडा टाकून मारल्याशिवाय टाकी सोडू द्यायची नाही, हे तिचं काम.

एका सकाळी टाकीवरच्या प्रभाकरकाकांचा फोन आला. "मॅडम, कॉस्टिक सोडा संपलाय. गोदामात सोडा ॲश आहे. किती टाकू?"

मेघाली मोबाइलवर बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो बघत होती. "कॉस्टिक चाळीस किलो लागतं ना? मग तेवढीच टाका."

दुपारी सॅम्पल नापास झालं. पाण्यात ॲसिड शिल्लक होतं. टाकी अडली, तिच्यामागे कामही अडलं. मॅनेजर विनीत सर खाली आले आणि सगळ्यांसमोर काकांवर तुटून पडले. "केस पिकले तुझे इथं! साधं मोजून टाकता येत नाही?"

चूक कुठे झाली ते मेघालीला केव्हाच कळलं होतं. तोंड मात्र उघडेना.

"फोनवर ऐकण्यात माझीच गफलत झाली असेल, साहेब," काका म्हणाले.

घरी बाबांनी विचारलं, "काय गो, जेवत का नाय?" तिने डोकं दुखतंय असं सांगितलं.

सकाळी ती सरांकडे गेली. "सर, चाळीस मीच सांगितलेलं."

सर हसले. "पाणी बाहेर गेलं नाही ना? मग सोड. त्याला सांगू नकोस, उगाच डोक्यावर बसेल."

क्षणभर तिला हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत ती कँटीनमध्ये काकांच्या टेबलापाशी उभी राहिली. "काका, तुम्ही बरोबरच ऐकलेलं. चुकीचं मी सांगितलं. वर काल गप्प बसले."

आजूबाजूची बोलणी थांबली. काका भाकरी मोडत राहिले. "ठाऊक आहे. कान शाबूत आहेत माझे." मग म्हणाले, "पण दोन्ही सोडाच ना? वजन वेगळं कसं?"

"काम सारखं झालं तरी वजन सारखं लागत नाही, काका. चाळीस किलो कॉस्टिक जेवढं ॲसिड मारतं, तेवढंच मारायला सोडा ॲश त्रेपन्न किलो लागते. अशी सारखं काम करणारी जी वजनं, त्यांना इक्विव्हलंट वेट म्हणतात. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकलेय मी हे."

काकांनी मान हलवली आणि डबा बंद केला.

हल्ली ते फोन करत नाहीत. जिना चढून लॅबच्या दारात येतात, मेघालीला आकडा विचारतात. तिने सांगितला की शेजारच्या टेबलावरच्या नव्या ट्रेनीकडे वळतात. "ऐश्वर्या मॅडम, बरोबर आहे ना हो?"

मेघाली खाली मान घालून ऐश्वर्याचा हिशेब होईपर्यंत थांबते.