केळीच्या पानांचा रविवार

आमच्या धुळ्याच्या चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी लोक झावळ्यांऐवजी केळीची पानं हातात धरतात. ही खान्देशातल्या शेतकरी ख्रिस्ती लोकांची जुनी प्रथा, असं एका स्मरणिकेत छापूनही आलं आहे. ते खोटं आहे. ती पानं मी सुरू केली.

त्या वर्षी वसईहून एसटीने येणाऱ्या झावळ्या स्टँडवर उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी जेवून आडवा झालो आणि झावळ्या तशाच पुढे शिरपूरला गेल्या. सकाळी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेला निघालो तर शेजारच्या अक्कांच्या दारात आदल्या दिवशीच्या सत्यनारायणाचे केळीचे खुंट.

"नेऊ का हे?"

"न्या की भाऊ. तुमच्याकडेही पूजा का?"

"हो, मोठी आहे."

पानं पाहून फादर गोरेमोरे झाले. मी टपालाने बायबलचा कोर्स केलेला. लगेच विद्वत्ता बाहेर काढली. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांच्या हातात झावळ्या होत्या, हे फक्त योहान सांगतो. मार्क म्हणतो, शेतांतून तोडलेल्या डहाळ्या. लूककडे तर डहाळीच नाही, नुसते कपडे अंथरलेत. "तेव्हा फादर, यंदा आपण मार्कप्रमाणे!" फादर भारावले. प्रवचनात त्यांनी मला अभ्यासक म्हटलं. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली. पुढच्या वर्षापासून लोक आपणहून पानं आणू लागले.

यंदा एक तरुण सिस्टर आल्या. त्यांच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या पानांवर. "आबा, तुमच्या आजोबांच्या काळी पानं कुठून आणत?"

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"सत्यनारायणाची?" सिस्टरांचं पेन थांबलं.

"हो. पण ताजी होती."

"आबा, पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय. हे आधी नाही का सांगायचं?"

त्यांचं प्रकरण मीच बुडवलं होतं. निदान लोकांनाही खरं कळावं म्हणून रविवारी मिस्सेनंतर उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोललो. सिस्टर मागे बसल्या होत्या. पुढच्या बाकावरचे म्हातारे नाना अहिराणीत तडकले.

"खाले बठ भाऊ! हाई आमना बापदादासनी रीत शे."

"नाना, पहिल्यांदा पानं आणली त्या दिवशी तुम्हीच ओरडला होतात, झावळ्या कुठे म्हणून!"

"मी? कव्हय?"

लोकांनी नानांच्याच बाजूने माना डोलावल्या.

बाहेर सिस्टर हसत आल्या. "प्रकरण तरलं, आबा. परंपरा कशी तयार होते, त्यावर लिहिते आता. उद्या नानांना घेऊन या, मुलाखत हवी त्यांची."

मला जरा लागलंच. खरं मी बोललो आणि मुलाखत नानांची.