पंचमातली शेळी

सौदीतली गोष्ट म्हटल्यावर तुम्ही उंट शोधायला लागला असाल. उंट नाही. अत्तर नाही, खजूर नाही, सोन्याचे नळ तर मीही अजून शोधतोय. शेळी आहे. तीही खरी नाही, लॅपटॉपमधली. ती तिथं मीच बांधली होती, आणि अजून आठवलं की तोंडाला कडू पाणी सुटतं.

मी इलेक्ट्रिशियन. रास अल खैरच्या एका प्लांटवर दिवसभर पॅनल उघडायचे, आतली वाळू ब्लोअरनं उडवायची, पॅनल बंद करायचे. खोलीवर येऊन नाक शिंकरलं की रुमालात निम्मं वाळवंट. कॅम्पात आमची चौघांची खोली. एक वास मोज्यांचा, एक कुणीतरी गावाहून आणलेल्या सुक्या बांगड्याचा, आणि एसीतून येणारा तिसरा, म्हणजे त्या दोघांचं लग्न लावून दिल्यासारखा. पहिल्या आठवड्यात मी नाकाला रुमाल बांधून झोपायचो. मग माझ्याच अंगाला तो वास यायला लागला.

माझा खरा धंदा नकलांचा. तालुक्याच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोकल्यापासून सुरुवात झाली. इथं सुपरवायझरचं "यल्ला, यल्ला" आणि मेसवाल्याचं "चिकन खलास" ह्यावर माझा चहा सुटायचा. नकलेचं गुपित फुकटात सांगतो. माणसाचा आवाज पकडायला जायचंच नाही. तो अडखळतो कुठं, शिट्टी कुठल्या दातातून सुटते, ते पकडायचं. खोट सापडली की माणूस सापडला. लोक पोट धरून हसतात. ज्याची नक्कल केली तोही हसतो, त्याला पर्यायच नसतो.

म्हणूनच मी लॅपटॉपवरच्या एका सॉफ्टवेअरच्या नादाला लागलो. जुन्या काळच्या सिंथेसायझरची हुबेहूब नक्कल. उघडलं की स्क्रीनवर लाकडाच्या फळ्या, म्हणजे लाकडाचं चित्र. स्क्रूचं चित्र. एका स्क्रूवर गंज रंगवलेला. आणि उजव्या कोपऱ्यात एक बटण, 'वय'. ते फिरवलं की यंत्र म्हातारं होतं. सूर डगमगतात, खरखर येते, धूळ बसल्यासारखा आवाज होतो. मी आठ तास धूळ उडवून आलेला माणूस, आणि इथं कुणीतरी हौसेनं धूळ विकतंय. शिसारी आली. आली, आणि तरी तीन तास मी तेच बटण फिरवत बसलो. शिसारीचं असंच असतं, माशीसारखी, हाकलली की परत तिथंच.

त्या आवाजाला कान टवकारले काकांनी. काका म्हणजे खालच्या कॉटवरचे, कुडाळकडचे, पाइप वेल्डर, पन्नाशीला टेकलेले. चार वाक्यांच्या वर बोलायचे नाहीत. त्या दिवशी मात्र उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

"झिला, ह्यो खंयचो आवाज?"

"जुन्या सिंथचा आहे काका. नकली."

"माझ्याकडे होतो तसलो."

निघाली ती गोष्ट अशी. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओनं टाकून दिलेला एक काळा सिंथेसायझर काकांनी पेटाऱ्यात घालावा तसा जपून गावी नेला होता. वीस वर्षं पंचक्रोशीतली प्रत्येक हळद त्यांनी त्यावर वाजवली. पुढं ते इकडं आले आणि मागं उंदरांनी त्याच्या वायरी खाल्ल्या. एकच भानगड होती. मधल्या सप्तकातल्या पंचमाची पट्टी बिघडलेली. दाबली की सूर वर उडायचा आणि शेळीसारखा ओरडायचा. बेंऽऽ. रिपेअर करणारा सापडलाच नाही.

"मग वाजवायचे कसे?"

"ती पट्टी चुकवून. पोरां वाटच बघीत आसायची, कधी चुकून बोट पडता ता. पडला की अख्खो मंडप बेंऽऽ."

हे सांगताना काका हसले. खोलीतले सगळे हसले. मी तर तिथल्या तिथं शेळी काढून दाखवली. काका आणखी हसले.

मग खिशातून फोन काढून त्यांनी तारीख दाखवली. मुलीची हळद, तीन आठवड्यांनी येणाऱ्या शुक्रवारी. सुट्टी मंजूर झालेली, पण प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन लागलं आणि सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. गावी जाऊन परत यायच्या एक्झिट-रीएन्ट्री व्हिसाचा कागद साहेबाच्या टेबलावरच राहिला. "लोकांच्या सगळ्या चेडवांच्या हळदी वाजवलंय," ते म्हणाले, "माझ्या चेडवाची तेवढी ऱ्हायली. तुझ्या ह्या पेटीतसून जमात काय? फोनवरसून?" आणि उठता उठता, "पंचम मात्र सरळ वाजांदे हां. एकदा तरी."

मी म्हटलं, हो काका. तोंडानं म्हटलं.

पुढचे दोन आठवडे तो आवाज घडवण्यात गेले. दोन सूर एकमेकांपासून केसभर सरकवले, फिल्टर खाली ओढला, 'वय' चाळिशीवर आणलं. काका डोळे मिटून ऐकायचे. "नाकात बोलता हा." "आता घसो बसलो." "गरम भाताची वाफ वर येता ना, तसो येवक व्हयो." माझं काम वाढतच होतं. शेवटी मी कळस केला. जुन्या यंत्रातून लायटीचा जो घोंऽ असा आवाज येतो, तो खोलीतल्या बोर्डाला फोन चिकटवून रेकॉर्ड केला आणि आवाजाच्या खाली अंथरला. काकांनी दोन सेकंद ऐकलं.

"ह्यो आमच्या लायटीचो न्हय. ह्यो हयचो. वर बोलता."

मी इलेक्ट्रिशियन! सौदीची वीज साठ हर्ट्झची, आपली पन्नासची, हे मी परीक्षेत लिहून पास झालेला. घोंऽचा सूर दीड स्वर वर होता आणि वेल्डरच्या कानानं तो धरला. मी मुकाट्यानं पन्नासवर उतरवून दिला. काका म्हणाले, "आता बरोबर. काढून टाक." काढून टाक? "मंडपात घों घों कित्याक? खराब होतो म्हणान येय तो. माका चांगलो व्हयो."

मला हे पटलंच नाही. घों घों नाही, खरखर नाही, मग नक्कल कसली? नवा आवाज तर कुणीही देईल. माझ्या कलेचं ह्या माणसाला काही पडलेलं नाही, असं मला वाटलं. हे लिहितानाही स्वतःचा वीट येतो, पण वाटलं खरं.

मग मी गुपचूप दोन आवाज बनवले. एक काकांनी मागितलेला, गुळगुळीत. दुसरा अगदी तसाच, फक्त मधला पंचम दाबला की शेळी. ती बेंऽऽ जमवायला मला चार संध्याकाळी लागल्या. एकदाच वाजवायची, पहिल्या ओळीत. मंडप हसेल, काका हसतील, डोळे पुसतील, मग मी पटकन चांगल्या आवाजावर जाणार. मनात टाळ्यासुद्धा वाजवून घेतल्या.

शुक्रवारची सकाळ तेवढी मोकळी होती. काकांनी दाढी केली, लग्नात घालायला आणलेला शर्ट इथंच घातला, आणि माझा दोन सप्तकांचा छोटा कीबोर्ड मांडीवर घेतला. लॅपटॉपची वायर फोनला, फोनवर व्हिडिओ कॉल, तिकडं फोन मंडपातल्या स्पीकरला. स्क्रीनवर पाटावर बसलेली मुलगी दिसली. गालाला पहिली हळद लागली होती. तिनं फोनकडं बघून हात हलवला.

काकांनी सुरुवात केली. पहिल्या चार सुरांतच मंडप गप्प झाला. मग त्यांचं बोट पंचमावर गेलं. विश्वासानं गेलं, मी जवळून बघितलं. वीस वर्षं चुकवलेल्या पट्टीवर सरळ, न बिचकता.

बेंऽऽ.

स्पीकर मोठा होता. आधी पोरं ओरडली, मग बायका, मग अख्खा मंडप. बेंऽऽ, बेंऽऽ. मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, हसते आहे.

मी लगेच चांगला आवाज लावला. "काका, झालं, आता सरळ आहे," मी कुजबुजलो. काकांनी माझ्याकडं बघितलं नाही. वाजवणं थांबवलंही नाही. सबंध हळद वाजवली, पण बोट परत पंचमावर गेलं नाही. मध्यमावरून उडी मारून धैवतावर, तिथून खाली, जुन्या सवयीनं, खड्डा चुकवावा तसं. पंचम स्वच्छ होता. भाताच्या वाफेसारखा होता. तो शेवटपर्यंत कुणी ऐकलाच नाही.

कॉल संपला. काकांनी कीबोर्ड माझ्या कॉटवर ठेवला, शर्ट काढून त्याची घडी केली आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. खोलीतला एकजण खालच्या आवाजात बेंऽऽ म्हणाला. माझीच नक्कल, चांगली जमली होती.

तासाभरानं काकांचा फोन वाजला. त्यांनी न बघता माझ्याकडं सरकवला. पलीकडं काकू.

"तोच काय रे तू? आवाज काढणारो?"

"काकू, मी फक्त गंमत—"

"गंमत? मेल्या, शाळेत धा वर्सां तिका नावान कोण हाक मारी नाय. बेंऽऽ म्हणीत. बापाशीच्या त्या पेटीपायी. तिनाच सांगितल्यान हुता, बाबांका म्हणा वाजवा, आता सगळा चांगला वाजता मां. सासरची माणसां बसली हुती समोर! तीपण आता बेंऽऽ करतत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुका म्हणे सगळ्यांचे आवाज काढूक येतत. मग आयक. आत खोलयेत माझा चेडू रडता, हळदीच्या अंगान. येता आयकाक? काढ तेचो आवाज. काढ बघया!"

फोनमधून ऐकू येत होतं.

"जमना नाय मां? मग गप ऱ्हव. आणि ह्यांका उठव, जेवक वाढ. सकाळपासून वाजवचा म्हणान तेंनी पाणयाचो घोट घेवक नाय."