बत्तीस मुद्द्यांचा टीव्ही

आमच्या घरी आठ दिवस टीव्ही होता आणि तो मी अजून पाहिलेला नाही.

हे ऐकून लोक विचारतात, "म्हणजे तू तेव्हा गावी नव्हतास का?" होतो. आठही दिवस होतो. शिवाय तो टीव्ही निवडला होता मीच! पण हे सगळं क्रमाने सांगायला हवं, नाहीतर दोष माझ्या वडिलांवर जाईल, आणि त्यांचा यात काहीच दोष नाही. (असता तर मला बरं वाटलं असतं.)

आम्ही नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळ वस्तीवर राहतो. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा सही करण्यापुरतंच लिहितात, पण बैल पारखावा तर त्यांनीच. आसपास कुणालाही बैल घ्यायचा असला की दादांना बरोबर नेतात. मी मात्र आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. नगरला बी. ए.ला अर्थशास्त्र घेतलं आहे. पुण्याकडे टीव्ही सुरू झाला, त्यावर शेतीचंही दाखवतात असं दादांच्या कानावर आलं. त्या वर्षी ऊसही बरा गेला होता. मी सुट्टीला घरी आलो तेव्हा ते म्हणाले,

"एक टीवी घेऊ म्हनतो. पर त्यातलं मला काय कळत न्हाई. तू शिकलाय. तू निवडशील तो घ्यायचा."

मला भरून आलं. वीस वर्षांत आमच्या घरात माझ्या शब्दावर एकही वस्तू आली नव्हती. चुलीची फुंकणीसुद्धा नाही! मी ठरवलं की पैसे वसूल होतील असाच टीव्ही निवडायचा, म्हणजे दादांना वाटेल, पोराच्या शिक्षणाचं चीज झालं.

नगरच्या एका रेडिओच्या दुकानात तीन टीव्ही होते. मी दुपारचा तास बुडवून तिथे चार वेळा गेलो. वहीत रकाने आखले. पडदा, लाकूड, पॉलिश, बटणं, पाय, गॅरंटी असे एकूण बत्तीस मुद्दे काढले आणि प्रत्येकाला गुण दिले. दोन नंबरचा टीव्ही पहिल्या वर्गात पास झाला. त्याला सरकती दारं होती आणि दारांना कुलूप! (कुलपाला मी पाच जादा गुण दिले होते. कशासाठी, ते आता आठवत नाही.)

मग पुढची सुट्टी लागली त्या दिवशी दादा नगरला आले. दोन नंबरचा टीव्ही त्यांनी पुढून पाहिला, मागून पाहिला, बोटाने लाकूड वाजवलं आणि म्हणाले,

"शेठ, चालवून दाखवा की."

"दादा, आत्ता दुपारी काय दिसणार? कार्यक्रम संध्याकाळी असतात. साडेसहाला या."

"साडेसहाला आमची यश्टी राहुरीच्या फुडं असती."

"मग निर्धास्त घेऊन जा. आमच्याकडे रोज दिसतो."

"तुमच्याकडं दिसतो, पर आमच्याकडं? बसल्याला बैल कुनी घेतं का शेठ? त्यो उठवायचा, चालवायचा, आपल्या रानात औताला धरायचा, मंग बोलायचं."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. माझे कान तापले. मी हळूच म्हणालो, "दादा, हा काय बैल हाय का? कंपनीचा माल हाय. छापील पत्रक हाय त्याचं."

"पत्रक बैलाचंबी छापता येतंय," दादा म्हणाले.

"तुमी म्हनला हुता ना, मी निवडीन तो घ्यायचा?"

दादांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "व्हय, म्हनलो हुतो," ते म्हणाले आणि पुढे जे केलं त्याने मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी उपरण्याचं टोक शेठच्या हातावर टाकलं, त्याखाली त्यांचा हात धरला आणि बैलबाजारात करतात तसं खालच्या आवाजात बोलायला सुरुवात केली! कॉलेजातलं कुणी पाहत नाही ना, या धास्तीने मी पाठ फिरवली आणि छताचे पंखे मोजू लागलो. अकरा होते.

टीव्ही गोधडीत गुंडाळून आम्ही पाचच्या गाडीत चढवला. कंडक्टर म्हणाला, "हे काय आणलंय?"

"टीव्ही," मी जरा मोठ्यानेच म्हणालो. अख्खी गाडी वळून बघायला लागली.

"सीटवर बसवलाय म्हणजे तिकीट पडंल."

"पाच वर्षांच्या आतला हाय," दादा म्हणाले.

घरी आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजूबाजूच्या वस्त्यांवरचे सगळे लोक अंगणात जमले. मी पत्रक हातात धरून, बत्तीस मुद्द्यांपैकी निदान दहा तरी लोकांना समजावून सांगितले, कुलूप उघडलं, दारं सरकवली आणि बटण दाबलं.

खर्रर्र! पडद्यावर पांढऱ्या मुंग्याच मुंग्या!

शेजारच्या सखूमावशी बराच वेळ मन लावून बघत बसल्या आणि म्हणाल्या, "ज्वारी लई बारीक हाय रं बाबा."

मी घाईने म्हणालो, "अँटेना उंच पायजे." बांबूला अँटेना बांधली आणि लिंबावर चढलो. माझी बहीण शकू दारात उभी राहिली.

"दिसतंय का गं?"

"न्हाई!"

"आता?"

"आता तर ज्वारीबी गेली!"

मी आणखी वरच्या फांदीवर गेलो. बांबू उजव्या हाताने वर धरला, तोल सावरायला डावा पाय हवेत सोडला, आणि खालून एकच गलका झाला.

"आला! आला! मानूस आला!"

मी आनंदाने खाली उतरू लागलो.

"गेला! मानूस गेला!"

पुन्हा वर चढलो. पुन्हा माणूस आला. बांबू फांदीला करकचून बांधून पाहिला, तर माणूस गेला. बांबू हातात धरला, पण पाय फांदीवर टेकला, तरी माणूस गेला! शेवटी सिद्ध झालं ते असं, की मी लिंबावर एका पायावर उभा असेन तरच आमच्या घरी टीव्ही दिसतो.

"दादा, मुंगळे चावत्यात!" मी वरून ओरडलो.

"गप उभा ऱ्हा!" हे दादा नव्हते. अख्खं अंगण होतं.

खाली शेतीचा कार्यक्रम चालला होता. "दोन ओळींत किती अंतर म्हनला?" "अहो, गप बसा, ऐकू द्या!" मला वरून फक्त लोकांची डोकी दिसत होती. दुसऱ्या दिवसापासून माणसं आल्या आल्या टीव्हीकडे न बघता आधी लिंबाकडे बघायची, आणि मी खाली दिसलो तर विचारायची, "का रं, आज टीवी बंद हाय का?"

सातव्या दिवशी माझा पाय सुजला. आई हळद-तेल लावत होती. मी वही उघडून पुन्हा पुन्हा पाहत होतो. पडदा होता, पॉलिश होतं, कुलूपसुद्धा होतं. 'आमच्या घरी चित्र दिसतं का?' हा मुद्दा मात्र बत्तिसात कुठेच नव्हता.

"दादा, माझं चुकलं," मी म्हणालो. एवढं म्हणायला मला सात दिवस लागले. "आता शेठ काय परत घ्यायचा न्हाई."

"घील की," दादा तंबाखू मळत म्हणाले. "बोली केलीय मी. आमच्या रानात चालला न्हाई, तर आठ दिवसांत परत."

"कधी केली?"

"तू वर पंखं बघत हुता तवा."

आठव्या दिवशी टीव्ही पुन्हा गोधडीत बसून नगरला निघाला. कंडक्टर तोच होता. "काय, आठ दिवसांत माहेरपणाला?" तो म्हणाला. शेठनी कुरकुर न करता टीव्ही परत घेतला, आणि दादांनी त्याच्या जागी एक रेडिओ घेतला. अर्थात दुकानातच पाऊण तास चालवून बघून, आणि पुन्हा उपरण्याखाली बोली करून. या वेळी मी पाठ फिरवली नाही. वही उघडून तेहतिसावा मुद्दा लिहिला.

रेडिओ अजून उत्तम चालतो. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण गेल्या महिन्यात घरी पाहुणे आले. मुलीचे वडील. मी धुतलेला सदरा घालून, मान खाली घालून समोर बसलो होतो. पाहुण्यांनी विचारलं, "मुलगा कसा आहे, दादा?"

दादांनी मला पुढून पाहिलं, थोडं मागून पाहिलं, आणि प्रामाणिकपणे म्हणाले,

"तसा बरा दिसतोय. पर पाव्हनं, बसल्याला बघून ठरवू नका. आठ दिवस तुमच्या रानात न्या, चालवून बघा. न्हाई चालला तर परत घेतो."

मी मुकाट्याने मान वर केली आणि छताकडे पाहिलं. आमच्या घरी पंखा नाही.