सुईला ऐकू येतं का?

रेकॉर्ड कितीही पुसली तरी सुईच्या टोकाला कापसासारखा कचरा जमतोच. आमच्या मंडळात किस्से तसेच जमतात. कुणी मुद्दाम करत नाही हो! चार बनारसी मराठी माणसं एका खोलीत बसवा, मधे एक मशीन ठेवा, बस्स.

मंडळाची खोली दशाश्वमेधाच्या मागच्या गल्लीत. वाचनालय मी सांभाळते, म्हणून रेकॉर्डचं कपाटही माझ्याच गळ्यात. तेव्हा सीडी नव्या नव्या आल्या होत्या. पुण्याहून बदली होऊन आलेला, बँकेतला विनय म्हणाला, "मालूताई, सगळ्या रेकॉर्ड कंप्युटरमध्ये घेऊ, सीडी करू. फक्त आधी कार्ट्रिज ठरवायला हवं."

"ते काय असतं?"

"टर्नटेबलच्या दांडीचं डोकं. त्याच्या टोकाला स्टायलस, म्हणजे सुई."

इथपर्यंत मला कळलं. पुढचं आजतागायत कळलेलं नाही.

घाई होती ती बापट गुरुजींच्या तबकडीची. गुरुजी म्हणजे घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय. त्यांच्या पत्नी, आमच्या उमावहिनी, फार गोड गायच्या. नवीन लग्न झालेलं असताना दोघं होडीने पलीकडे रामनगरला गेली होती. तिथे एका शौकीन शेठजींकडे विलायती मशीन होतं. समोर बसून गायलं की गाणं थेट तबकडीवर कोरलं जायचं. ती एकच तबकडी, दुसरी प्रत नाही. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. गुरुजी वर्षातून एकदा ती चावीच्या ग्रामोफोनवर लावायचे. गाणं संपता संपता चावी उतरायची, आवाज रडका व्हायचा, की लगेच सुई उचलायचे. "तिचा आवाज असा नाही ऐकवत," म्हणायचे. आता तर ग्रामोफोनच बंद पडला होता.

विनयने तबकडी उजेडात धरून पाहिली. "ही मऊ आहे, गुरुजी. दर वेळी सुई थोडं गाणं खरवडून नेते. चुकीची सुई लावली तर पुन्हा ऐकायला काही उरणार नाही."

गुरुजींनी तबकडी उपरण्यात गुंडाळली. "मग बरोबर सुई मिळेपर्यंत नको."

*

गोदौलियाच्या दुकानात मी आणि विनय गेलो. दुकानदार म्हणाला, "गोल नोक वाला दें कि अंडाकार?"

मी विनयकडे पाहिलं. विनय तोंडाने हिशोब करत छताकडे पाहत होता. शेवटी मीच म्हटलं, "भैया, जिसमें गाना साफ सुनाई दे."

"बहनजी, गाना तो सब में सुनाई देगा. आपको सुनना किसको है?"

खोटं कशाला बोलायचं? मी सांगितलं, "उमावहिनी को."

त्याने खालचा खण उघडला, वरचा उघडला, मागे जाऊन आला, आणि फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "वो वाला तो आज सुबह ही निकल गया!"

*

अभ्यंकरकाका रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक बिघाडाचं कारण एकच: वजन कमी पडणं. एक एल.पी. सारखी उड्या मारत होती. काका म्हणाले, "डोक्यावर काहीतरी ठेवा!"

गुरुजींनी पिशवीतून सुपारी काढली, मेणाने कार्ट्रिजवर चिकटवली. हाताला सवयच ती! मागोमाग दोन अक्षता पडल्या, तोंडाने मंत्रही झाला. आणि गाणं खरंच सुरळीत चालू लागलं!

तेवढ्यात विनय आला. "काढा ते! सुई खाली दबून मरेल!"

"आता कसं काढणार?" गुरुजी म्हणाले. "आवाहन झालंय."

काकांची मुलगी पिंकी कॉलेजात जायची. घरात कितीही रागावलं तरी तिच्या तोंडी हिंदीच. ती म्हणाली, "बाबा, सुई पे गणपती बिठा दिए?"

उत्तरपूजा झाली. गूळखोबरं वाटलं. विनय एवढा चिडलेला, पण तोही हात जोडून उभा होता. प्रसाद तोंडात टाकून त्याने हळूच विचारलं, "आता... काढू?"

*

मग रेकॉर्ड धुण्याचा विषय निघाला. विनय म्हणाला होता, मऊ फडकं आणि पाणी. काकांनी त्यातलं पाणी तेवढं ऐकलं. मुन्शी घाटावर जाऊन तांब्या भरून आणला आणि आमची चांगली भजनांची रेकॉर्ड त्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवली. वाळल्यावर लावली तर भजनाच्या मागे कुणीतरी भजी तळत होतं!

"काका, नदीचं पाणी वापरलंत?" विनयने विचारलं.

"नदीचं काय म्हणतोस? गंगाजल आहे. शुद्ध असतं!"

"शुद्ध असेल हो. पण त्यात वाळू आहे!"

काकांनी तांब्याच्या तळाशी बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "वाळू पण शुद्धच आहे."

*

पिंकीला हवी होती वेगळीच सुई. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी ती एका गाण्यात दुसरं गाणं मिसळायची. त्यासाठी रेकॉर्ड बोटाने धरायची, मागे घ्यायची, पुन्हा सोडायची. ते पाहून विनय डोळे मिटून घ्यायचा.

"पिंकी, रेकॉर्ड उलटी फिरवायची नसते गं!"

"भइया, बिना उलटे मिक्सिंग कैसे होगी?"

काकांनी मांडवली केली. "अरे भाई, दोन्ही कामं करेल अशी एकच घ्या ना!"

मग विनयने आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. चुंबक, तारेची वेटोळी, कोन, दाब. मी मान डोलवत होते. शेवटी भीत भीत विचारलं, "म्हणजे मलमलीची सुई गोधडीला चालत नाही, तसं का रे?"

"ताई! मी तासभर दुसरं काय सांगतोय?"

"तू सुईबद्दल कुठे बोलत होतास? तू तर चुंबकाबद्दल बोलत होतास!"

पण त्या दिवशी ठरलं. पिंकीला उलटसुलट सोसणारी दणकट सुई. एल.पी.ना नाजूक. आणि गुरुजींच्या तबकडीला जाड टोकाची, कारण तिची खोबणी रुंद. ती विनयने मित्राकडून दिल्लीहून मागवली. म्हणाला, "ग्रामोफोनची सुई जिथून खरवडत गेली, त्याच्या जरा वरून ही जाईल. तिथे वहिनींचा आवाज अजून शाबूत असेल."

गुरुजींनी दोनदा विचारलं, "नक्की असेल?"

विनय म्हणाला, "असायला हवा."

*

जाड सुई आधी एका जुन्या टाकाऊ रेकॉर्डवर लावून पाहिली. काका पाणी प्यायला उठले. थप्, थप्, थप्. कंप्युटरच्या पडद्यावरची रेघ काकांच्या प्रत्येक पावलाला उसळली.

मी घाबरले. "अरे, सुईला ऐकू येतं!"

"पावलं कळतात, ताई. जमीन हलते ना. बोलणं नाही कळत. गाणं तारेतून थेट आत जातं. बोला हवं तेवढं!"

पण विश्वास कोण ठेवणार? मी खिडक्या लावल्या. पिंकी गल्लीत जाऊन फुलवाल्याला सांगून आली, "भइया, थोड़ी देर चुप रहिए, अंदर बहुत बड़ा काम है." फुलवाल्याने विचारलं, "कौन गुज़र गया?"

*

शेवटी तो दिवस आला. गुरुजी धूतवस्त्र नेसून आले. कोपऱ्यात मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बसले. मी सर्वांना बजावलं, काहीही झालं तरी तोंडातून अक्षर काढायचं नाही. गुरुजींनी मान हलवली. विनयने सुई ठेवली.

आधी नुसती खरखर. मग त्यातून वहिनी आल्या. कोवळा आवाज, जरा घाबरलेला, पुढे पुढे मोकळा होत गेलेला. काकांनी चष्मा काढला. पिंकीने माझा हात धरला.

गाणं संपलं. इथेच चावी उतरायची. पण आमचं मशीन विजेवरचं, तबकडी आपली फिरत राहिली. विनय सुई उचलायला पुढे वाकला आणि तसाच थांबला.

तबकडीतून वहिनींचा आवाज आला. गाण्यातला नाही, घरातला. जरा लांबून, मान वळवून विचारल्यासारखा. "अहो, झालं का? होडी निघून जाईल!"

आणि कोपऱ्यातून गुरुजी म्हणाले, "थांबवलीय होडी. ये सावकाश."

विनयने सुई उचलली. गुरुजी उठले, तबकडी उपरण्यात गुंडाळली, आणि "सीडी झाली की सांगा" म्हणून पायऱ्या उतरून गेले.

चार दिवसांनी सीडी तयार झाली. आम्ही सगळे ऐकायला बसलो. गाणं झालं. खरखर झाली. वहिनींनी विचारलं, "अहो, झालं का? होडी निघून जाईल!"

आणि अगदी हळू, नदीच्या पलीकडून आल्यासारखं, "थांबवलीय होडी. ये सावकाश."

पिंकी म्हणाली, "विनय भइया, आप तो कहते थे सुई को बोलना सुनाई नहीं देता?"

विनयने टर्नटेबलची वायर काढली, हातात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिली, आणि पुन्हा होती तशी लावून ठेवली.